पाठ कुठं मोडते

सत्काराला मी दाराजवळ उभा होतो,
पंख्याखालच्या खुर्च्या आधीच गेलेल्या.
कुणीतरी विचारलं, कडोलकर बाई,
तुमची आवडती पुस्तकं कुठली?
बाईंनी शालीचं टोक सारखं केलं
आणि पाच जाडजूड नावं घेतली,
समोरच्यांनी माना डोलवाव्यात अशी.

मीही डोलवली.
पण ती पाच माझ्याकडं
चव्वेचाळीस वर्षांत एकदाच आलेली,
लाल रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
आज उघडा, नव्या चपलेसारखी करकरतील.

शहापुरात जिन्याखाली माझं दुकान,
दीड माणूस बसेल एवढं.
मी पुस्तक वाचत नाही, पाठ बघतो.
जिथं जास्त उघडतं तिथंच मोडतं.
लेखकाला विचारायची गरज पडत नाही.

बाईंचं तीनदा मोडलेलं पुस्तक म्हणजे
कन्नड तिसरी.
हुक्केरीकडं नेमणूक झाली तेव्हा घेतलेलं.
ओळीओळीखाली शिसपेन्सिल:
नीरु, खाली पाणी,
पाण्याखाली नीर,
नीरच्या खाली बारीक अक्षरात, अरेच्चा.
बाजारातल्या पाट्यांना काळं फासलं त्या वर्षी
बाई मागच्या गल्लीनं आल्या,
पदराखाली तीच तिसरी, पानं सुटलेली.
मी फळी अर्धी लावून शिवली.
दोघंही काही बोललो नाही.

दुसरी, निपाणीच्या तंबाखू वखारीची हजेरीवही.
मोडीतली. रद्दीतून उचललेली,
अजून नाकात तपकिरीसारखी चढते.
मला मोडी येत नाही.
खळ वाळेपर्यंत बाई स्टुलावर बसून वाचायच्या,
हसनसाब, उशिरा आला, दोन आणे वजा.
बाळाप्पा, खोकला, अर्धा दिवस.
सत्यव्वा, पान निवडणे, तान्हं सोबत,
त्याबद्दल एक आणा वजा.
इथं बाई थांबायच्या.
दरवेळी इथंच.
वही उघडी टाकली तर आपोआप हेच पान येतं.

कादंबऱ्या नऊ.
पुण्यात छापलेल्या, गड, तह, फितुरी, रात्रीच्या मशाली.
पुण्याचे म्हणत, भाषा जरा तिकडची वाटते.
इथले म्हणत, बाई फारच पुण्याचं लिहितात.
मी वाचत नाही म्हटलं,
पण शिवताना पानं डोळ्यांखालून जातातच.
चौथीत मला हसनसाब भेटला.
किल्लेदार!
दारूकोठाराच्या किल्ल्या कमरेला,
आणि दोन आणे कापायची कुणाची टाप नाही.
सत्यव्वा सातवीत.
सगळ्या गडाचं धान्य तिच्या मापानं,
मूल तिथंही सोबत,
दरबारात, सगळ्यांदेखत, पाजताना.
राजे कोण होते ते मला आठवत नाही.

हसनसाब आमच्यातला कुणी नव्हे.
तरी त्या रात्री जेवताना मी पोरांना सांगून टाकलं,
आपला एक किल्लेदार होता.

तिसरं पुस्तक त्यांचीच पहिली कादंबरी.
फौज लवकर उतरावी म्हणून
बाईंनी मार्कंडेय नदी उलटी वाहवली होती,
सूर्य मावळतो तिकडं.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
बाईंच्या आलं, छापून झाल्यावर.
मग जिथं प्रत दिसेल तिथं पेन काढायच्या,
पाहुण्यांच्या घरी, शाळेच्या कपाटात,
खानापूरच्या वाचनालयात तर
ग्रंथपाल चहाला उठेपर्यंत थांबून.
माझ्याकडं आलेल्या अकरा प्रतींत
पान एकशे सहावर नदी निळ्या शाईनं वळवलेली.

सत्कार संपला.
कुंद्याचा पुडा हातात घेऊन बाई दाराशी आल्या,
माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं.
म्हणाल्या, दस्तगीर, ते मघाचं पाच पुस्तकांचं…
मी म्हटलं, वहीची शिवण परत सुटली असेल.
मंगळवारी या,
मोरचूद घालून खळ ताजी शिजवून ठेवतो.